विहिरीत टेप सोडली, आता तास कोणता?

पत्र थोडक्यात असं:

जळगाव जिल्ह्याच्या पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका लिहितात: "गेल्या वर्षी शाळेत आम्ही 'पाणी सप्ताह' केला. सगळे विषय त्यात ओवले. मराठीत निबंध, हिंदीत घोषवाक्यं, चित्रकलेत पोस्टर, भूगोलात नद्यांचा नकाशा, विज्ञानात जलचक्राची थर्माकोलची प्रतिकृती. फोटो छान आले, केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं. नंतर चाचणीत मी साधा प्रश्न टाकला, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली का जातं? निम्म्याहून जास्त वर्गानं लिहिलं, 'झाडे तोडल्यामुळे.' यंदा हे नीट करायचं, वर्षभर चालेल असा प्रकल्प घ्यायचा, असं मनात आहे. पण मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन पूर्ण करा. सहकारी विचारतात, 'काय मॅडम, तुमचा प्रकल्प काय म्हणतो?' एक पालक तर तोंडावर म्हणाले, 'पाणी आम्ही रोजच भरतो, ते शाळेत काय शिकायचं? इंग्रजी शिकवा.' शिवाय गावात पाणी कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हा विषय निघाला की भांडणच. एकटीनं करू की सोडून देऊ? आणि केलंच तर सगळे विषय एका धाग्यात कसे ओवू?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोम तिथेच आहे असं मला वाटतं. गेल्या वर्षी सगळे विषय ओवलेलेच होते की! मराठीनं नेहमीचा निबंध लिहून घेतला, चित्रकलेनं नेहमीचं पोस्टर काढून घेतलं, फक्त सगळ्यांत 'पाणी' हा शब्द आला. त्या आठ दिवसांत कुणाही मुलाला काही शोधून काढायचं नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. पाणी हा विषय झाला. प्रश्न कुठे होता?

आणि त्या 'झाडे तोडल्यामुळे'वर एवढं वाईट वाटून घेऊ नका. मूल पहिलीपासून पाहतं की पर्यावरणावर काही विचारलं तर झाडं, प्लास्टिक, प्रदूषण यांतलं एक लिहिलं की गुण मिळतात. त्यानं शाळेला आवडणारं उत्तर दिलं. त्याच मुलाला त्याच्या मळ्यात गाठून त्याच्याच अहिराणीत 'हीरमा पानी कितलं शे?' (विहिरीत पाणी किती आहे?) असं विचारा. तो सांगेल की पाणी कितव्या कड्याच्या खाली गेलंय, मोटर किती वेळानं हवा घ्यायला लागते आणि पुन्हा पाणी भरायला किती तास थांबावं लागतं. चाचणीतल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. पण घरच्या विहिरीचं ज्ञान उत्तरपत्रिकेत चालतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून त्या पालकांचं बोलणं मला झोंबलं नाही, पटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या घरातल्या मुलीला आपण शाळेत 'पाणी जपून वापरा' शिकवतो. भांडी विसळलेलं पाणी ती तुळशीला घालते, पाहुणा आला की अर्धाच पेला भरते. तिला आपण काय शिकवणार? मात्र त्या पालकांनाही एक गोष्ट माहीत नसणार. दोन बांध पलीकडच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी असतं आणि यांच्या विहिरीचा तळ का दिसतो? गावात याची कारणं प्रत्येक जण वेगळी सांगतो. कुणी नशीब म्हणतो, कुणी शेजाऱ्याचं बोअर. शाळेला इथे खरं काम आहे.

तर यंदा 'पाणी' हा शब्द फळ्यावर लिहूच नका. एक प्रश्न लिहा: आपल्या शिवारातल्या विहिरी दसऱ्यापासून होळीपर्यंत किती उतरतात, आणि सगळ्या सारख्या का उतरत नाहीत? याचं उत्तर पुस्तकात नाही, मोबाइलवर नाही, तुमच्याकडेही नाही. मोजल्याशिवाय ते मिळणार नाही, आणि मोजायला लागलं की विषय आपापल्या गरजेनं हजर होतात.

मोजणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण प्रकल्प इथेच तरतात किंवा बुडतात. पाच-सहा विहिरी पुरे. प्रत्येकीला पक्का कठडा हवा, मालकाची परवानगी हवी आणि टेप मोठ्या माणसानंच सोडायची. मुलं आकडा वाचतील, लिहितील, वेळ नोंदवतील. कठडा नसलेली विहीर कितीही सोयीची असली तरी यादीतून काढा, इथे तडजोड नको. गवंडी वापरतात ती फायबरची लांब टेप घ्या आणि टोकाला स्टीलचा छोटा पेला उपडा बांधा. तो पाण्याला टेकला की 'टप्' असा आवाज येतो. कुठल्या फुटाला आवाज आला ते ओठंगून न बघता कळतं.

पहिल्या दिवशी आकडे चुकणार. निम्मी मुलं कठड्याची उंची वजा करायला विसरतील आणि एकाच विहिरीची दोन उत्तरं येतील, अडीच-तीन फुटांच्या फरकानं. लगेच दुरुस्त करून देऊ नका. भांडू द्या. 'शून्य कुठे धरायचं' हा प्रश्न त्यांच्याच तोंडून आला पाहिजे. पूर्णांकांच्या धड्यात जमिनीच्या वर आणि जमिनीच्या खाली असं आपण फळ्यावर रेघ मारून सांगतो, ते इथे सरळ कठड्यावर बसलेलं असतं.

दुसरी चूक जरा उशिरा सापडते. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झालेली असताना मोजलं तर विहीर आहे त्यापेक्षा खोल दिसते. मोजायचं ते पहाटे, मोटर सुरू होण्याआधी. पण शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. ज्या आठवड्यात रातपाळी, त्या आठवड्यात पहाट उपयोगाची नाही, कारण रात्रभर उपसा झालेला असतो. मग वहीत आणखी एक रकाना येतो: 'शेवटची मोटर कधी बंद झाली?' शास्त्रीय पद्धत, चल आणि नियंत्रित घटक, हे सगळं मुलांना या एका रकान्यातून समजतं. व्याख्या नंतर द्या.

आणि घरची म्हातारी माणसं विहिरीची खोली फुटांत सांगणार नाहीत, परसात सांगतील, म्हणजे माणसाच्या अंगावरून धरलेल्या जुन्या मापात. एका आजोबांचा परस आणि दुसऱ्याचा परस सारखा असतो का, हे पोरांना मोजून बघू दे. एकाच विहिरीची खोली दोन आजोबांकडून घ्या आणि टेपेनंही घ्या. प्रमाणित एकक का लागलं, यावर यापेक्षा चांगला तास मला सुचत नाही.

किती वेळा मोजायचं? राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्हीही तेच महिने धरा. मेमध्ये सुट्टी असते, तेव्हा जमेल त्यानं आपल्या घरची विहीर मोजावी, नाही जमलं तरी प्रकल्प मोडत नाही. मध्ये दर आठवड्याला धावपळ करायची गरज नाही. वर्षभर चालणारा प्रकल्प म्हणजे वर्षभर रोज चालणारा प्रकल्प, असं तुम्ही धरून चालला असाल तर ते ओझं आजच उतरवा. बहुतेक उत्साही शिक्षक नोव्हेंबरात दमतात, ते याच समजुतीपायी.

आता गणित. वीस फुटी विहीर म्हणजे साधारण ६ मीटर व्यास, त्रिज्या ३ मीटर. पाणी एक मीटर उतरलं तर ३.१४ × ३ × ३ × १, म्हणजे २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर. जलजीवन मिशननं माणशी रोजचे ५५ लिटर धरले आहेत. त्या हिशेबानं एका विहिरीतला एक मीटर म्हणजे पाचशेहून जास्त माणसांची एका दिवसाची गरज. हे वर्गात कळलं की शांतता पसरते, अनुभव घ्या. पुढे मोटरीच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम लावा आणि किती सेकंदांत भरतो ते पाहा. समजा ४० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. आठ तास मोटर चालली तर उपसा १,४४,००० लिटर, आणि त्या विहिरीत पाणी पाच मीटरहून जास्त उतरायला हवं. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही. का? कुणीतरी म्हणेल, 'मॅडम, झरे चालू असतात ना.' एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. उपसा वजा उतार म्हणजे झऱ्यांची आवक. ज्या मुलानं चाचणीत झाडांवर ढकललं होतं, तोच आता तुम्हाला सांगेल की पावसाळा संपला की वरून भर घालणारं कुणी उरत नाही, उपसा मात्र चालूच राहतो, त्यात दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याच्या विहिरीला कमी ताण आणि केळीच्या विहिरीला जास्त.

'पण आमच्या शेजारच्याचं बोअर लागलं, आमचं कोरडं गेलं' हे त्याच्या पुढचं. तुमचा भाग काळ्या पाषाणाचा. या बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, सांध्यांत. वर्गात एक पारदर्शक टब घ्या, त्यात विटा चिकटून रचा आणि पाणी ओता. विटा आधी भिजवून घ्या, नाहीतर पाणी त्याच पिऊन टाकतील. मग ज्यूसची नळी फटीत घातली तर पाणी येतं, विटेवर टेकवली तर येत नाही. दहा मिनिटांचा प्रयोग आहे. तापीच्या गाळाच्या पट्ट्यातल्या शिक्षकांनी, म्हणजे चोपडा, यावल, रावेरकडच्यांनी, विटांऐवजी वाळू आणि खडी घ्यावी आणि हँडवॉशच्या बाटलीचे दोन पंप वेगवेगळ्या खोलीवर बसवावेत. खोल पंप दाबत राहिलं की उथळ पंप कोरडा पडतो. रावेर आणि यावल हे तालुके भूजल मूल्यांकनात अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसणारे, ठरलेले आहेत, त्यामुळे तिथल्या पोरांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही. घरचं बोअर दर दोन-चार वर्षांनी आणखी खाली गेलेलं त्यांनी पाहिलेलं असतं.

इथे कुणीतरी पाणाड्याचा विषय काढणारच. नारळ उभा राहतो, काठी वळते वगैरे. हसू नका, आणि भाषणही देऊ नका. त्या मुलाच्या वडिलांनी त्या नारळाच्या भरवशावर कर्ज काढलेलं असू शकतं. नोंद करायला सांगा: गावात अलीकडे किती बोअर झाले, किती पाणाड्याला विचारून, किती न विचारता, आणि दोन्हींत पाणी कितींना लागलं. शेकडेवारी पोरं काढतील. जे येईल ते येईल.

इतिहास-भूगोलाला आपल्या खान्देशात तोटा नाही, आणि आश्चर्य म्हणजे आपण भाक्रा-नांगल पाठ करून घेतो. पांझरा नदीच्या काठी धुळे-साक्रीकडे फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्यावरून पाट काढायचा, खालचं क्षेत्र तीन-चार फडांत वाटायचं आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत. त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचं गावानं ठरवायचं आणि झळ सगळ्यांना थोडी-थोडी बसायची. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं गावानंच नेमलेली. यावर धडा वाचून दाखवू नका, सभा भरवा. वर्गाचे चार फड करा, प्रत्येकाला तीन-चार फडांत तुकडे द्या, यंदा पाणी निम्मंच आहे असं सांगा आणि कुठला फड सोडायचा ते ठरवू द्या. मग दुसऱ्यांदा तोच खेळ, पण आता एकाची सगळी जमीन एकाच फडात. दोन सभांतला फरक बघून नागरिकशास्त्राचा तास आपोआप होईल. रावेरकडच्या शाळांना तर बुऱ्हाणपूर जवळच आहे. तिथला कुंडी भंडारा १६१५ सालचा, मुघल सरदार अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या काळातला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंड्यांच्या रांगेतून, नुसत्या उतारावर शहरात आणलं होतं. फारुकी सुलतानांची राजधानी म्हणून बुऱ्हाणपूर आपल्याच खान्देशाचं, आज हद्दीपलीकडे असलं म्हणून काय झालं.

अलीकडचं हवं असेल तर शिरपूर आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नाले रुंद आणि खोल करून एकापाठोपाठ सिमेंटचे बंधारे घातले गेले, 'शिरपूर पॅटर्न' म्हणून नाव झालं. नाला किती खोल करावा, यावर नंतर तज्ज्ञांत वादही झाले. आठवीच्या मुलांना दोन्ही बाजू द्या. 'यशोगाथा' म्हणून शिकवलेली गोष्ट मुलं पाठ करतात, वाद म्हणून शिकवली तर विचार करतात.

भाषेबद्दल एकच सांगतो. आजी-आजोबांच्या मुलाखती मुलांनी अहिराणीत घ्याव्यात आणि आधी अहिराणीतच उतरवाव्यात. प्रमाण मराठीतला मजकूर नंतर. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) घागर कुणाच्या नावानं भरतात, लग्नात पाण्याचं काय करायचे, बहात्तरच्या दुष्काळात गाव कुठे पाणी भरायला जायचं, हे 'मुलाखत' शीर्षकाखाली शुद्ध भाषेत विचारलं की आजी गप्प होते. मराठीच्या बाईंना हे पटेल अशा पद्धतीनं मांडा, लादू नका.

बाकीच्या विषयांचं? बैजिक सूत्रांना पाणी लागत नाही. शारीरिक शिक्षणाला लागत नाही. सोडून द्या. प्रत्येक विषय आत आलाच पाहिजे, या हट्टानं गेल्या वर्षीचा सप्ताह झाला. बी.एड.ला आपण सगळ्यांनी 'समवाय' पाठ केला, गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून आलेला. त्यात काम आधी होतं आणि विषय त्यातून निघत होते. आपण विषय आधी धरतो आणि काम त्यांना चिकटवतो.

आता मुख्याध्यापक. तुम्ही त्यांना विरोधक समजताय, असं पत्रातून जाणवतं. पण त्यांच्यावर निकालाची आणि वरच्या पत्रांची जबाबदारी आहे. 'पोर्शन पूर्ण करा' हे त्यांचं म्हणणं रास्त धरा आणि उत्साहाचं भाषण न करता एक कागद घेऊन जा. डावीकडे यंदाच्या पुस्तकातले घटक, उजवीकडे मोजणीचं कुठलं काम त्या घटकाचं शिकवणं आहे, म्हणजे कुठला तास वाचतो. सरासरी, आलेख, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, वर्तुळ, घनफळ. ज्या घटकांना काहीच लागू नाही तिथे 'नेहमीप्रमाणे' असं प्रामाणिकपणे लिहा, म्हणजे उरलेल्यांवर विश्वास बसेल. दुसरं, आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, प्रात्यक्षिक, उपक्रम, तोंडीकाम ही साधनं आहेतच. एका मोजणीच्या नोंदी गणितात प्रात्यक्षिक म्हणून, विज्ञानात प्रकल्प म्हणून आणि मराठीत तोंडीकाम म्हणून धरता येतात. सहकाऱ्यांचं नोंदींचं काम कमी होतंय असं दिसलं, तर 'तुमचा प्रकल्प' म्हणणारे दोघे तरी जवळ येतील. तिसरं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत काय करायचं, असा प्रश्न बऱ्याच शाळांना पडलेला असतो. तुमच्या मोजणीच्या सकाळी त्यात बसवून मागा.

सहकाऱ्यांकडे सहभाग मागू नका. तो शब्दच अंगावर येतो. एक छोटी, नेमकी गोष्ट मागा. मराठीच्या बाईंना, 'मुलाखतीचा घटक जानेवारीऐवजी ऑक्टोबरात घ्याल का?' भूगोलाच्या सरांना, 'उताराचा नकाशा आपल्याच शिवाराचा काढून घ्याल का, तलाठ्याकडून गावनकाशा मी आणते.' इंग्रजीच्या सरांना काहीच नको असेल तर नको. आणि त्यांनी केलेल्याचं श्रेय त्यांच्या नावानं फलकावर लागू द्या.

आता गावातलं भांडण. तुमची भीती अनाठायी नाही. पाच विहिरी मोजता-मोजता पोरं कधीतरी 'वरच्या आळीला नळ दोन तास, आमच्याकडे वीस मिनिटं' इथवर येणार. पहिल्या वर्षी नळाच्या वेळा, टँकरचा क्रम, कोणाचं बोअर बेकायदा खोल, यांत शिरू नका. विहिरींपुरतं राहा. आकडे लावताना मालकांची नावं न लावता 'विहीर १', 'विहीर २' असं लावा आणि ज्याची विहीर मोजली त्याला त्याच्या विहिरीचा आलेख आधी घरी नेऊन दाखवा. हा क्रम चुकवू नका. गावसभेत शाळेच्या मुलांकडून एकदम आकडे वाचून घेणं दिसायला धाडसाचं असतं, पण त्याचा हिशेब पुढे मुलांच्या घरच्यांना चुकता करावा लागतो. ग्रामपंचायतीकडचा पाणी तपासणीचा किट मागून नायट्रेट वगैरे बघितलं आणि रंग भलताच आला, तर त्याच दिवशी फलकावर लिहू नका. नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या. किटचा रंग म्हणजे संशय, निकाल नव्हे, हेही शिकवण्यासारखंच आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, एवढं आठवीला माहीत असायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. 'ही विहीर कुणाची होती' असं म्हाताऱ्यांना विचारलं की एखाद्या घरात 'आम्हाला तिथं भरू देत नव्हते' हे उत्तर येणार. २० मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह इतिहासात चार ओळींत असतो, तो अचानक तुमच्या गावातला होतो. त्या वस्तीतल्या मुलाला वर्गासमोर 'तुझ्या आजोबांनी काय सांगितलं ते सांग' असं कधीही म्हणू नका. आजोबांना सांगायचं असेल तर तुम्ही स्वतः जाऊन ऐका, नाव द्यायचं की नाही ते त्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर वहीत काहीही येणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलंही विसरू नका. ती दिवाळीनंतर गावात नसतात, त्यांची जानेवारीची मोजणी हुकते आणि गटात त्यांचं नाव नुसतं उरतं. त्यांच्याकडे दुसरं काम द्या: उसाच्या फडावर पाणी कुठून येतं, किती लांबून आणावं लागतं, कोण आणतं. ते आलं की त्यांच्या नोंदी वर्गाच्या वहीत शिवाराच्या नोंदींच्या शेजारी बसू द्या.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी, मुलांसाठी नाही. हजेरीपट उघडा. गावात नळ येतो त्या दिवशी पहिल्या तासाला मुली किती, मुलं किती? महिनाभर पाहा. काही निघालं तर ते मुख्याध्यापकांशी बंद खोलीत बोलायचं आहे, फलकावर लावायचं नाही. शाळेची घंटा आणि नळाची वेळ यांचं काही करता आलं, तर तो या सगळ्या प्रकल्पाहून मोठा उपयोग.

तर एकटीनं करू की सोडून देऊ? एकटीनं करा, पण लहान करा. एकच इयत्ता, सातवी. पाच विहिरी, तीन मोजण्या. नोंदवही वर्गाची एक, पण प्रत्येक मुलानं निदान एक आकडा स्वतः काढलेला हवा. मूल्यमापनाच्या वेळी फाइलची सजावट बघू नका. आलेखातल्या एका खांबावर बोट ठेवा आणि विचारा, 'हा आकडा तू कसा काढलास?' ज्याला सांगता येईल त्याला कळलंय.

शहरातल्या शाळा विचारतील, आमच्याकडे विहिरी नाहीत. सोसायटीची टाकी आहे, टँकर आहे, शाळेचं छप्पर आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. २०० चौरस मीटरच्या पत्र्यावर २० मिलिमीटरच्या एका सरीत ४,००० लिटर. सरळ उभ्या कडांच्या बाटलीचं पर्जन्यमापक बनवा आणि महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर केळीचा विमा काढलेल्या कुठल्याही पालकाला बोलवा, त्याची भरपाई याच केंद्राच्या आकड्यांवर ठरते; तास संपेपर्यंत थांबणार नाहीत.

तुमच्याकडे ऑक्टोबर तोंडावर आहे. या आठवड्यात करायचं ते इतकंच: कठडा असलेल्या विहिरींची यादी, मालकांच्या सह्या, आणि मुलांच्या घरी दोन ओळींची चिठ्ठी की मोजायला मोठं माणूस सोबत असेल. त्या 'इंग्रजी शिकवा' म्हणणाऱ्या पालकांची विहीर यादीत पहिली घ्या. पहाटे टेप धरायला त्यांनाच बोलवा.